पेयातून गुंगीचं औषध: ओळखायचं कसं आणि पहिल्या काही तासांत करायचं काय

ग्लासात काही मिसळलंय का, हे ग्लासाकडे बघून कळत नाही. रंग बदलला का, वास येतो का, चव वेगळी लागते का, असल्या कसोट्यांवर विसंबणारे सल्ले सगळीकडे फिरत असतात आणि त्यातले बरेचसे निरुपयोगी आहेत. कळतं ते माणसाकडे बघून. किती प्यायलं आणि किती चढलं याचा हिशोब जुळत नसेल, तर काहीतरी बिनसलेलं आहे. सिद्ध होतं ते बहुतेकदा लघवीतून, आणि तेही वेळेत घेतलेल्या. म्हणून या लेखाचा भर या दोन गोष्टींवर आहे.

कोणती औषधं आणि ती करतात काय

डेट रेप ड्रग, म्हणजे लैंगिक अत्याचारासाठी पेयातून चोरून दिलं जाणारं गुंगीचं औषध, म्हटलं की पहिलं नाव येतं ते रोहिप्नॉलचं, म्हणजे फ्लुनिट्राझेपामचं. हे बेन्झोडायझेपिन गटातलं झोपेचं औषध. या गटात चिंता कमी करणाऱ्या आणि झोप आणणाऱ्या कितीतरी गोळ्या मोडतात, आणि त्या घराघरांतल्या औषधांच्या डब्यात असतात. रोहिप्नॉलच्या मूळ कंपनीनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोळीत बदल केला: ती सावकाश विरघळते आणि फिकट पेयात निळा रंग सोडते. हा बदल चांगलाच. पण इतर कंपन्यांच्या गोळ्यांत किंवा गटातल्या बाकीच्या औषधांत हा रंग असेलच असं नाही. गडद पेयात आणि मंद उजेडात निळा रंग दिसणं तसंही कठीणच. ‘निळं झालं नाही, म्हणजे सुरक्षित’ हा निष्कर्ष म्हणूनच धोकादायक आहे.

दुसरं जीएचबी, म्हणजे गॅमा हायड्रॉक्सिब्युटिरेट. नार्कोलेप्सी या झोपेच्या विकारावर त्याचा सोडियम क्षार औषध म्हणून दिला जातो. जीबीएल हे औद्योगिक द्रावक शरीरात गेलं की त्याचंही जीएचबीच होतं. साधारण १५ ते ३० मिनिटांत परिणाम सुरू होतो आणि काही तासांत ओसरतो. सौम्य झिंग आणि खोल बेशुद्धी यांच्यातलं अंतर इथे फार थोडं असतं, म्हणून माणूस हसत बोलत असताना काही मिनिटांत कोसळू शकतो. कधी कधी तितक्याच अचानक जागाही होतो.

तिसरं केटामिन, हे भूल देण्याचं औषध. यात झोपेपेक्षा तुटलेपण जास्त असतं: शरीर आपलं नाही असं वाटणं, हातपाय हलवता न येणं, आवाज लांबून येतोय असा भास. याखेरीज झोल्पिडेमसारखी झोपेची औषधं, गुंगी आणणारी काही अ‍ॅलर्जीची औषधं आणि अफूजन्य वेदनाशामकं यांचाही गैरवापर होतो.

मात्र अशा गुन्ह्यांत सर्वांत जास्त सापडतो तो पदार्थ म्हणजे दारू. कधी ती न सांगता साध्या पेयात घातलेली असते, कधी मागितलेल्या एकाऐवजी दोन माप ओतलेली, कधी आग्रहानं पाजलेली. ‘औषध सापडलं नाही, फक्त दारू सापडली’ म्हणून गुन्हा छोटा ठरत नाही. ज्याला शुद्ध नाही त्याची संमती नसते.

दारू आणि गुंगीचं औषध एकत्र आलं की परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा मोठा का होतो, हे समजून घेण्यासारखं आहे. मेंदूत गाबा नावाचं रसायन पेशींचं काम मंदावतं. बेन्झोडायझेपिन आणि दारू ही दोन्ही त्याच यंत्रणेचा जोर वाढवतात. जीएचबीची वाट थोडी वेगळी, पण शेवट तोच. या दुहेरी दाबाखाली श्वास चालू ठेवणारं केंद्र मंदावतं आणि उलटी घशात अडकू नये म्हणून होणारी प्रतिक्षिप्त क्रियाही बधिर होते. मृत्यू होतात ते बहुतेक या दोन कारणांनी.

स्मृतीचंही तसंच. ही औषधं जुन्या आठवणी पुसत नाहीत, नव्या नोंदवूच देत नाहीत. त्यामुळे माणूस चालतो, बोलतो, टॅक्सीत बसतो, फोनवर उत्तरंही देतो. पण मेंदूत त्याची नोंद होत नाही. ‘ती स्वतःच्या पायांनी गेली’ किंवा ‘तो तर नीट बोलत होता’ या साक्षींना अशा प्रकरणात फारसा अर्थ नसतो. आणि नोंद झालीच नाही, तर ती पुढे कधी परत येईल अशी वाट बघण्यातही अर्थ नाही.

आधीची तयारी

ग्लास नजरेआड होऊ देऊ नका, बाटली आपल्यासमोर उघडून घ्या, नाचायला किंवा स्वच्छतागृहात जाताना ग्लास सोबत न्या नाहीतर टाकून द्या आणि नवा घ्या. हे सगळं बरोबर आहे आणि करावंही. साध्या शीतपेयाला, कॉफीला, रसालाही हेच लागू. पण याची मर्यादा लक्षात घ्या: ग्लास हातात देणाराच गुन्हेगार असेल, तर झाकण ठेवून उपयोग नाही. अशा घटनांत आरोपी बऱ्याचदा ओळखीचाच असतो. सहकारी, मित्राचा मित्र, आधी दोनदा भेटलेला माणूस, कधी आयुष्याचा जोडीदार.

बाजारात मिळणाऱ्या चाचणीपट्ट्या आणि रंग बदलणारे कोस्टर (ग्लासाखाली ठेवायच्या चकत्या) यांच्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: त्यांवर पैसे घालवू नका. त्या दोन-तीन ठरावीक औषधंच तपासतात, दूध किंवा रस असलेल्या पेयात चुकतात, आणि दारूचं जास्तीचं माप त्यांना कळत नाही. नकारात्मक निकालानं मिळणारा खोटा दिलासा पट्टी न वापरण्यापेक्षा वाईट.

खरा उपयोग होतो तो सोबत्यांशी आधी ठरवलेल्या गोष्टींचा. ‘एकमेकांवर लक्ष ठेवू’ एवढं म्हणणं पुरेसं नाही. निघण्यापूर्वी हे नक्की करा:

१. प्रत्येकाची जोडी कोण, हे नावानिशी ठरवा. सगळ्यांनी सगळ्यांकडे बघायचं ठरलं की कुणीच कुणाकडे बघत नाही.

२. जोडीदार दिसला नाही तर किती वेळानं शोध सुरू करायचा ते ठरवा. १५ मिनिटं ही बरी मर्यादा आहे. जीएचबीसारख्या औषधाला तेवढाच वेळ पुरतो.

३. एक शब्द ठरवा, जो ऐकला की प्रश्न न विचारता दोघांनी मिळून बाहेर पडायचं.

४. आज रात्रीपुरतं फोनवरून ठिकाण एकमेकांना दिसू द्या, आणि फोन पूर्ण चार्ज करून निघा.

५. ‘मी हिला घरी सोडतो’ असं म्हणणाऱ्या कुणाच्याही हवाली गुंगीतल्या माणसाला करायचं नाही, तो कितीही सभ्य वाटला तरी. सोडायचं तर आधी ठरलेल्या जोडीदारानं.

यातलं पाचवं कलम सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत जास्त मोडलं जाणारं. गुन्हेगार पुष्कळदा मदतनिसाच्या रूपात पुढे येतो. खांद्याला आधार देतो, ‘जरा जास्त झाली तिला’ असं हसून सांगतो, आणि आजूबाजूच्यांना सुटल्यासारखं वाटतं. पुरुषांच्या बाबतीत तर कुणी विचारतही नाही. लूट किंवा लैंगिक अत्याचारासाठी पुरुषांनाही गुंगी दिली जाते.

शंका कशी घ्यायची

लक्षणं दारूसारखीच असतात: तोल जाणं, जीभ जड होणं, मळमळ, डोळे मिटू लागणं. फरक प्रमाणात आणि वेगात असतो. एका ग्लासानंतर उभं राहता येत नसेल, दारू घेतलीच नसताना नशा वाटत असेल, नेहमी झेपणाऱ्या मापानंतर दहा-वीस मिनिटांत पाय लटपटू लागले असतील, किंवा शांत माणूस अचानक विचित्र आणि गोंधळलेला वागत असेल, तर दारूला दोष देत बसू नका.

स्वतःला असं वाटू लागलं तर घोट तिथेच थांबवा. एकट्यानं स्वच्छतागृहाकडे किंवा बाहेर मोकळ्या हवेत जाऊ नका. नेमकं हेच करावंसं वाटतं आणि नेमकं हेच चुकतं. जोडीदाराकडे, तो नसेल तर काउंटरवरच्या कर्मचाऱ्याकडे जा आणि स्पष्ट शब्दांत सांगा: ‘माझ्या पेयात कुणीतरी काहीतरी मिसळलंय, मला एकटं सोडू नका, रुग्णवाहिका बोलवा.’ ‘बरं वाटत नाहीये’ असं म्हटलं तर लोक खुर्ची देतात आणि निघून जातात. पुढच्या काही मिनिटांत बोलता येणार नाही, असं गृहीत धरून आताच बोला.

सोबतच्या माणसाला गुंगी आली असेल तर

आधी हाक मारा, खांदा हलवा. उत्तर येतं का बघा. मग छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. प्रौढ माणूस आरामात असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. दहाच्या खाली आकडा आला, श्वासांत लांब खंड पडत असतील, घोरल्यासारखा किंवा गुरगुरल्यासारखा आवाज येत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा हलवूनही जाग येत नसेल, तर ही आणीबाणी आहे; स्थानिक आपत्कालीन क्रमांकावर लगेच फोन करा. घोरणं ऐकून ‘शांत झोपलाय’ असं समजण्यानं जीव गेले आहेत. तो आवाज श्वासमार्ग अर्धवट बंद झाल्याचा असू शकतो.

श्वास चालू आहे पण शुद्ध नाही, अशा वेळी माणसाला कुशीवर वळवायचं. त्याच्या बाजूला गुडघे टेकून बसा. तुमच्या जवळचा त्याचा हात शरीराशी काटकोनात बाजूला ठेवा. लांबचा हात छातीवरून आणून तळव्याची मागची बाजू त्याच्या तुमच्याकडच्या गालाला लावून धरा. दुसऱ्या हातानं लांबचा गुडघा वर उचलून वाकवा आणि तोच गुडघा स्वतःकडे ओढत त्याला कुशीवर वळवा. वरचा पाय काटकोनात ठेवा, म्हणजे शरीर पालथं पडत नाही. शेवटी डोकं हलकेच मागे कलतं करा आणि तोंडाचा कल जमिनीकडे ठेवा, म्हणजे उलटी झाली तरी बाहेर वाहून जाईल. पांघरूण घाला. दर काही मिनिटांनी श्वास पुन्हा मोजा.

श्वास थांबला असेल, किंवा मधूनच आचका दिल्यासारखा एखादा येत असेल, तर छातीदाब सुरू करा: छातीच्या मध्यभागी, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. शिकलेले असाल तर ३० दाबांमागे २ श्वास द्या. औषधामुळे आधी श्वास थांबलेला असतो, म्हणून इथे तोंडानं दिलेल्या श्वासाचं महत्त्व जास्त आहे.

कॉफी पाजू नका. थंड पाण्याखाली उभं करू नका, शरीराचं तापमान आणखी घसरतं आणि पडण्याची भीती असते. उलटी काढायला लावू नका; औषध तोवर रक्तात गेलेलं असतं, आणि बधिर घशातून ती उलटी फुप्फुसात जाऊ शकते. चालवत ठेवू नका. ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ म्हणून खोलीत एकटं ठेवून दार लावून घेणं यापेक्षा धोकादायक काही नाही. जाग आली तरी लगेच सोडून जाऊ नका, गुंगी पुन्हा चढू शकते.

रुग्णवाहिकेतल्या लोकांना नेमकं काय, किती आणि केव्हा घेतलं ते सांगा, आणि मिसळल्याचा संशय आहे हेही. जीएचबीवर उतारा असं औषध नाही. श्वास सांभाळणं हाच उपचार. बेन्झोडायझेपिनवर उतारा आहे, पण तो कधी द्यायचा हे डॉक्टरच ठरवतात, कारण काही रुग्णांत त्यानं झटके येऊ शकतात. अफूजन्य औषधाचा संशय असल्यास नॅलोक्सोन हा उतारा चालतो.

पहिली लघवी

सकाळी अनोळखी जागी जाग आली, कपडे वेगळेच आहेत, मधले तास कोरे आहेत. किंवा घरीच जाग आली, पण कसे पोहोचलो आठवत नाही. अशा वेळी पहिली इच्छा होते ती अंघोळीची आणि स्वच्छतागृहात जाण्याची. दुसरी तर टाळताच येत नाही. म्हणून ही गोष्ट आधीच माहीत असायला हवी.

जीएचबी रक्तात साधारण ५ ते ८ तास आणि लघवीत १२ तासांच्या आसपासच सापडतं. रात्री अकराला प्यायलेल्याचा पुरावा दुसऱ्या दिवशी दुपारी नसतो. फ्लुनिट्राझेपामचे अंश लघवीत तीन दिवस, संवेदनशील तपासणीत त्याहून जास्तही टिकतात. म्हणून पहिली लघवी फेकून दिली तर सर्वांत दाट नमुना हातचा जातो.

रुग्णालय जवळ असेल तर तिथे पोहोचेपर्यंत थांबा. थांबणं शक्य नसेल तर स्वच्छ, कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत धरा. फक्त मधली धार वगैरे नियम इथे लागू नाहीत. सगळी धरा, १०० मिलिलीटर मिळाली तर उत्तम. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर लघवीनंतर अंग पुसू नका, पुसलंच तर तो कागद वेगळा ठेवा. बरणीवर तारीख, वेळ आणि नाव लिहा, झाकणावरून चिकटपट्टी लावा, फ्रिजमध्ये ठेवा आणि ती डॉक्टर किंवा पोलिसांच्या हातात द्या, मधे कुणाकडे नको. उरलेलं पेय असेल तर तेही असंच बंद बाटलीत आणि थंड जागी.

वेळ उलटून गेली असं वाटलं तरी जा. लघवीचा नमुना पाच दिवसांपर्यंत, म्हणजे १२० तासांपर्यंत घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. पोलिसांत जायचं की नाही हे ठरवायला वेळ लागू शकतो. नमुना तितका वेळ थांबत नाही.

अत्याचाराची शंका असेल तर तपासणीपूर्वी अंघोळ, दात घासणं, कपडे बदलणं शक्य तेवढं टाळा. कपडे बदललेच तर न धुता, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. अंघोळ होऊन गेली असेल तर पुरावा संपला असं समजू नका, तरीही जा.

उपचारांच्याही मुदती आहेत. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. लेव्होनॉरजेस्ट्रेलची गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत, तीही जितक्या लवकर तितकी परिणामकारक; युलिप्रिस्टलची गोळी किंवा तांबी १२० तासांपर्यंत. हेपॅटायटिस बीची लस आणि लैंगिक संसर्गावरची औषधं यांबद्दल स्वतःहून विचारा, घाईत हे राहून जातं.

‘निगेटिव्ह’ रिपोर्ट कसा वाचायचा

इथे बहुतेकांची फसगत होते. रुग्णालयात नेहमी होणारी लघवीची झटपट औषधचाचणी जीएचबी आणि केटामिन शोधतच नाही, आणि बेन्झोडायझेपिन गटातली काही औषधं कमी प्रमाणात असतील तर तिच्या हातून निसटतात. तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे ‘काही दिलं नव्हतं’ असं नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की गुंगी देऊन गुन्हा झाल्याचा संशय आहे आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीनं (रेणू नेमके ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या पद्धतीनं) फॉरेन्सिक, म्हणजे गुन्ह्याच्या तपासासाठीची, तपासणी हवी आहे. जीएचबीचं नाव वेगळं लिहायला लावा.

जीएचबीची आणखी एक गुंतागुंत: ते शरीरात नैसर्गिकरीत्या थोडं बनतंच. म्हणून प्रयोगशाळा लघवीत लिटरला १० मिलिग्रॅम अशी मर्यादा रेषा मानतात, आणि उशिरा घेतलेला नमुना त्या रेषेखाली जातो. नमुना घेतल्याची वेळ रिपोर्टवर असणं त्यासाठी महत्त्वाचं. स्वतः नियमित घेत असलेल्या सगळ्या गोळ्या आणि त्या रात्री स्वखुशीनं घेतलेलं काहीही डॉक्टरांना खरं सांगा. ते लपवलं आणि प्रयोगशाळेत सापडलं, तर सगळा जबाब संशयाखाली येतो.

जबाबाचंही पथ्य आहे. कुणाशी फार बोलण्याआधी कागदावर लिहा: काय प्यायलं, किती वाजता, शेवटची स्पष्ट आठवण कोणती, जाग आल्यावरची पहिली कोणती. मधल्या कोऱ्या जागेत ‘आठवत नाही’ एवढंच लिहा. अंदाजानं ती भरू नका, आणि सोबत्यांनीही ‘मग असं झालं असणार’ म्हणत भरू नये. त्यांनी आपापलं वेगळं लिहावं. टॅक्सीची नोंद, पैसे दिल्याची वेळ, संदेश यांचे स्क्रीनशॉट घ्या. कॅमेऱ्यांचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, त्यामुळे ते जपून ठेवण्याची लेखी मागणी लगेच करा.

घरातच होत असेल तर

हा भाग बहुतेक मार्गदर्शकांत नसतो, कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बार असतो. फ्रान्समधल्या जिझेल पेलिको यांच्या खटल्यानं हे चित्र मोडलं. त्यांचा नवरा सुमारे दहा वर्षं, २०२० पर्यंत, चिंता कमी करणाऱ्या गोळ्या त्यांच्या खाण्यापिण्यात मिसळत होता आणि अनोळखी पुरुषांना घरी बोलावत होता. या काळात विसरण्याच्या आणि थकव्याच्या तक्रारी घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. आपल्याला मेंदूचा आजार झाला असावा अशी त्यांना भीती होती. डिसेंबर २०२४ मध्ये आव्हिन्यों इथल्या न्यायालयानं नवऱ्याला २० वर्षांची शिक्षा दिली आणि ५१ आरोपींपैकी सगळे दोषी ठरले.

एकाच माणसाच्या हातचं खाल्ल्या-प्यायल्यावर वारंवार जड झोप लागणं, संध्याकाळचे तास कोरे असणं, सकाळी कारण नसताना गुंगी, अंगावर न आठवणाऱ्या खुणा किंवा ओटीपोटात दुखणं, हे सगळं जुळत असेल तर तारीख-वेळेसह नोंद ठेवा, पण त्या माणसाला सापडणार नाही अशी. त्याला जाब विचारू नका. पुरावा नष्ट होतो आणि धोका वाढतो. डॉक्टरांकडे एकट्यानं किंवा विश्वासातल्या दुसऱ्या कुणाला घेऊन जा आणि ‘मला न सांगता औषध दिलं जात असेल का’ हा प्रश्न शब्दशः विचारा. विचारला नाही तर तपासण्या रक्तदाब, थायरॉइड आणि मेंदूच्या स्कॅनभोवतीच फिरत राहतात.

अशा प्रकरणांत केस कामाला येतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना रक्तातल्या औषधाचे अंश त्यात अडकतात, म्हणून महिन्यांपूर्वीचा संपर्कही दिसू शकतो. ताज्या घटनेचा भाग त्वचेबाहेर यायला चारेक आठवडे लागतात, त्यामुळे हा नमुना लघवीसारखा लगेच नाही तर महिना-दीड महिन्यानं घेतात. डोक्याच्या मागच्या बाजूचा झुपका त्वचेलगत कापला जातो आणि मुळाकडचं टोक कोणतं याची खूण केली जाते. तोवर केस कापू नका, रंगवू नका आणि ब्लीच तर मुळीच करू नका. त्यानं औषधाचे अंश बरेचसे धुऊन निघतात. एकदाच दिलेलं जीएचबी मात्र केसातही खात्रीनं दाखवता येत नाही. त्याच्यासाठी त्या रात्रीनंतरची बरणीच लागते.